घराची किल्ली हाती येण्याआधी कर्ज बदलावं का?

 

आजचा विषय एका प्रश्नाचा आहे. फौजेतले जुने सहकारी, त्यांची मुलं, जावई हा प्रश्न मला नेहमी विचारतात. घर पसंत केलंय, इसार दिलाय, एका बँकेचं गृहकर्ज मंजूर झालंय. खरेदी अजून पुरी व्हायची आहे. तेवढ्यात दुसरी बँक म्हणते, आमच्याकडे या, अर्धा टक्का कमी लावतो. मग काय करावं? बदलावं की राहावं?

मी बँकेतला माणूस नाही. आयुष्य फौजेत गेलं. पण निवृत्तीनंतर अशा बऱ्याच फायली पाहिल्या, कागद वाचले, लोकांबरोबर बँकांत जाऊन बसलो. त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच सांगतो.

आधी नकाशा समजून घ्या

कर्जाचा अर्ज करण्यापासून किल्ली मिळेपर्यंत पाच मुक्काम असतात. पहिला अर्ज, ज्याला बँकवाले ‘लॉगिन’ म्हणतात. दुसरा मंजुरीपत्र, म्हणजे सँक्शन लेटर. तिसरा, बँकेचा वकील कागद तपासतो आणि मूल्यांकन करणारा घर बघून येतो. चौथा, तुम्ही कर्जाच्या करारावर सह्या करता. पाचवा, प्रत्यक्ष पैसे सुटतात, म्हणजे डिस्बर्समेंट होतं.

पहिल्या तीन मुक्कामांवर तुम्ही मोकळे आहात. मंजुरीपत्र मिळालं म्हणून त्याच बँकेचं कर्ज घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. फार तर भरलेली प्रोसेसिंग फी बुडेल. चौथ्या मुक्कामानंतर बदल करता येतो, पण कागद वाढतात. पाचव्यानंतर जे होतं त्याला बदल म्हणत नाहीत. ते बॅलन्स ट्रान्सफर. त्याचे नियम आणि खर्च वेगळे.

म्हणून कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, ‘तू कुठल्या मुक्कामावर आहेस?’ आणि दुसरा, ‘विक्रेत्याला दिलेल्या मुदतीचे किती दिवस उरलेत?’ व्याजाचा दर मी तिसरा विचारतो.

दर कमी दिसतो, तो खरंच कमी आहे का?

१ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधन घातलं, की नवी फ्लोटिंग दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला जोडा. बहुतेक बँकांनी रेपो दर निवडला. त्यामुळे तुमचा दर दोन तुकड्यांचा झाला: रेपो, आणि त्यावर बँकेने लावलेली भर, म्हणजे स्प्रेड. रेपो सगळ्यांना सारखाच. बँकेबँकेत फरक पडतो तो भरीत.

२०२५ साली रेपो फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. एका वर्षात सव्वा टक्का खाली. त्या काळात पुष्कळ लोक धावत आले. ‘साहेब, माझं मंजुरीपत्र जुन्या दराचं आहे, दुसरी बँक नव्या दराने देते.’ मी विचारायचो, जुनं कर्ज रेपोला जोडलेलं आहे का? हो. मग ते कर्जही खाली येणारच. बाह्य मापदंडाला जोडलेल्या कर्जाचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावाच लागतो. जो फरक तीन महिन्यांत आपोआप मिटणार आहे, त्याच्यासाठी बँक कशाला बदलायची?

म्हणून दोन मंजुरीपत्रं समोर ठेवली की त्यातली भर तेवढी शोधा. एकाची रेपोवर २.५० आणि दुसऱ्याची २.९० असेल तर फरक खरा आहे, कारण तो वर्षानुवर्षं राहील.

आणखी एक. हे बंधन बँकांना आहे. गृहवित्त कंपन्यांना ते लागू नाही. त्या आपल्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटला कर्ज जोडू शकतात. म्हणजे रेपो घसरला तरी त्यांचा दर कधी आणि किती घसरेल हे त्यांच्या हाती. आज कंपनीचा दर पाव टक्का कमी दिसत असेल, तरी दोन वर्षांनी तो तसाच असेल याची खात्री नाही.

तिसरी गोष्ट, मंजुरीपत्रातलं बारीक अक्षर. बऱ्याच पत्रांत लिहिलेलं असतं की पैसे सुटतील त्या दिवशी जो दर असेल तो लागू. म्हणजे नव्या बँकेने आज सांगितलेला दर हा शब्द आहे, करार नव्हे. तो किती दिवस टिकेल ते लेखी मागा.

त्यासाठी आता एक चांगलं हत्यार आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्ज देणाऱ्याने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचं असतं. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर असतो. व्याज, प्रोसेसिंग फी, कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा, सगळा खर्च धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांनी पडतं, ते एका आकड्यात दिसतं. हा कागद किमान तीन कामाचे दिवस वैध राहतो. तेवढ्या दिवसांत तुम्ही विचार करू शकता, त्याच अटींवर हो म्हणू शकता. दोन बँकांचे दोन कागद शेजारी ठेवा. जाहिरातीत स्वस्त दिसणारं कर्ज इथे कधी कधी महाग निघतं.

हिशेब मांडू या

५० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत. साडेआठ टक्क्यांनी हप्ता येतो ४३,३९१ रुपये. आठ टक्क्यांनी ४१,८२२. फरक महिन्याला १,५६९ रुपये. हा फरक शेवटपर्यंत टिकला तर २४० हप्त्यांत पावणेचार लाखांच्या वर जातो. रक्कम लहान नाही.

आता खर्च. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी १२,५०० धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी २,२५०. वकील आणि मूल्यांकन ८,०००. एकूण २२,७५०. महिन्याला १,५६९ वाचले तर साधारण पंधरा महिन्यांत खर्च भरून निघतो. घर राहायला घेतलं असेल आणि पाच-दहा वर्षं कर्ज चालणार असेल, तर कागदावर बदलणं फायद्याचं.

इथे एक गल्लत टाळा. पहिल्या बँकेला भरलेली फी या हिशेबात धरू नका. ती गेली. बदला किंवा राहा, ती परत येत नाही. ‘अकरा हजार भरलेत, आता कसं सोडू’ म्हणून महागडं कर्ज वीस वर्षं ओढणारे लोक मी पाहिलेत. गेलेल्या गोळ्या मोजून पुढची लढाई ठरत नाही. पोतडीत काय उरलंय ते बघायचं.

पण व्याजाहून मोठी जोखीम दुसरीकडे आहे

आता मुद्द्याचं. महाराष्ट्रात आपण साठेखत म्हणतो, गुजरातेत बानाखत म्हणतात, हिंदी पट्ट्यात बयाना देऊन करार होतो. नाव काहीही असो, त्यात एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत पैसे दिले नाहीत तर विक्रेता सौदा मोडू शकतो आणि करारात तसं कलम असेल तर इसार जप्त करू शकतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार. सिकंदराबादजवळ जुन्या इमारतीतला फ्लॅट घेत होते. करार ४५ दिवसांचा. पहिल्या बँकेचं सगळं तयार होतं. अठरा दिवस उरले असताना दुसरीकडून कमी दराचा फोन आला आणि त्यांनी पहिली मंजुरी रद्द करून टाकली. नव्या बँकेचा वकील म्हणाला, मूळ मालकापासूनच्या साखळीतला १९९८ सालचा एक कागद दाखवा. पहिल्या बँकेच्या वकिलाने तो मागितला नव्हता. तो कागद मिळवायला बावीस दिवस गेले. विक्रेत्याकडे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. त्याने मुदतीवर बोट ठेवलं. इसार तीन लाखांचा होता. अर्ध्या टक्क्यासाठी तीन लाख आणि घर, दोन्ही गेलं.

त्यांचं गणित बरोबर होतं. घड्याळ चुकलं.

नवी बँक म्हणजे सगळं पहिल्यापासून. नवा वकील, नवी शंका, नवा मूल्यांकनकार. मूल्यांकनाचा फटका तर लोकांच्या ध्यानातच येत नाही. समजा घराचा सौदा ७० लाखांना ठरला. ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. पहिल्या बँकेने किंमत ७० लाख धरली आणि ५६ लाख मंजूर केले. दुसऱ्या बँकेचा माणूस आला, इमारत बघितली आणि ६४ लाख लिहून गेला. त्याचे ८० टक्के ५१ लाख २० हजार. दर कमी मिळाला, पण ४ लाख ८० हजारांचा खड्डा पडला. तो भरायला पर्सनल लोन काढलंत तर गृहकर्जात वाचवलेलं सगळं तिकडे जाईल.

जुनं घर घेताय आणि विक्रेत्याचंही त्यावर कर्ज चालू आहे, तर आणखी एक गाठ. त्याची बँक थकबाकीचं पत्र देते. अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम भरा, कागद सोडतो. तुमची बँक थेट त्या बँकेला पैसे देते. तुम्ही बँक बदलली की त्या पत्राची तारीख उलटते. नवं पत्र, नवी रक्कम, आणि दोन बँकांमध्ये नव्याने पत्रव्यवहार.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात वेगळी अडचण. नव्या बँकेने तो प्रकल्प आधी तपासून मंजूर केलेला आहे का? नसेल तर बिल्डरचे कागद तपासण्यात आठवडे जातात. बिल्डरने जमिनीवर कर्ज घेतलं असेल तर त्या बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. आणि पहिला हप्ता बिल्डरला गेला की मग मधेच बदलणं फारच किचकट.

शेवटी आपल्या फौजी लोकांसाठी खास. जवान तैनात लेहला आणि घर पुण्याला. मग मुखत्यारपत्र बायकोच्या किंवा वडिलांच्या नावे केलेलं असतं. बऱ्याच बँका ते आपल्याच मसुद्यात मागतात, त्यात बँकेचं नाव असतं. बँक बदलली की मुखत्यारपत्रही बदललं. सीमेवरून रजा काढून खाली येऊन परत ते करायचं. हा खर्च कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये दिसत नाही.

मग बदलायचंच नाही का?

तसं नाही. दोन प्रकरणं सांगतो.

इंदूरचे एक निवृत्त हवालदार. नवा फ्लॅट, ताबा लांब, बिल्डरची पहिली मोठी मागणी यायला तीन महिने होते. मंजुरी एका गृहवित्त कंपनीची, तिच्या स्वतःच्या दराला जोडलेली. एका बँकेत त्यांचं निवृत्तिवेतन जमा होत होतं. त्या बँकेने तो प्रकल्प आधीच मंजूर केलेला होता आणि कर्ज रेपोला जोडून देणार होती. वेळ होता, प्रकल्प तपासलेला होता, फरक भरीतला होता. त्यांनी बदललं आणि ते योग्यच होतं.

दुसरं प्रकरण एका नोकरीतल्या अधिकाऱ्याचं. पोस्टिंग ईशान्येला, घर पुण्यात, विक्रेत्याचं कर्ज चालू, हातात वीस दिवस. मी म्हटलं, दुसऱ्या बँकेचं पत्र घे आणि पहिल्या बँकेच्या शाखाप्रमुखाला दाखव. रागावून नको, सरळ विचार: एवढं देता का? फाईल तयार असते, टार्गेट असतं, बँकेलाही गिऱ्हाईक सोडायचं नसतं. त्यांनी अर्ध्या टक्क्यातला पाव टक्का कमी केला. सौदा वेळेत झाला. उरलेल्या पाव टक्क्याचं काय? ते नंतर बघता येतं.

हे ‘नंतर’ फार महत्त्वाचं आहे. रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बँकांना व्यक्तींच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला मनाई केली आहे. म्हणजे घर नावावर झाल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने, शांतपणे तुम्ही कर्ज दुसरीकडे नेऊ शकता. तेव्हा विक्रेता डोक्यावर नसतो, तारीख नसते, इसार पणाला नसतो. खर्च मात्र थोडा वाढतो. नवी फी तर आहेच, शिवाय गहाणाचे कागद पुन्हा होतात आणि त्यावर मुद्रांक शुल्क पुन्हा लागू शकतं. राज्यागणिक दर वेगळा. अगदी ०.३ टक्का धरला तरी ५० लाखांवर १५,००० रुपये. वर सहा महिने जास्त व्याज दिलं ते साडेनऊ हजारांच्या आसपास. म्हणजे थांबण्याची किंमत पंचवीस हजार. घाई फसली तर किंमत लाखांत. तराजू तुमच्यासमोर आहे.

एक सावधगिरी. हा नियम फ्लोटिंग दराचा. सुरुवातीची काही वर्षं दर स्थिर ठेवणारी कर्जंही मिळतात. त्या काळात बाहेर पडलात तर दंड लागू शकतो. करारातलं ते कलम आधी वाचा.

बदलायचं ठरलं, तर क्रम असा ठेवा

फौजेत एक साधा नियम असतो. नवं ठाणं हाती येईपर्यंत जुनं सोडायचं नाही. इथेही तेच.

पहिलं, विक्रेत्याशी बोला. मुदत वाढवून मिळत असेल तर लेखी घ्या. फोनवरचं ‘काही हरकत नाही हो’ उपयोगाचं नाही.

दुसरं, नव्या बँकेचं फक्त मंजुरीपत्र पुरेसं नाही. ते तुमचा पगार किंवा निवृत्तिवेतन बघून मिळतं. घराची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन पुरं झालं, रक्कम पक्की झाली, मगच जुनी मंजुरी रद्द करा. दोन ठिकाणी मंजुरी असणं हा गुन्हा नाही. पण नव्या बँकेपासून ती लपवू नका. आणि चार-पाच ठिकाणी अर्ज करत सुटू नका. प्रत्येक अर्जाची नोंद तुमच्या सिबिल अहवालात होते आणि गुणांक घसरू शकतो.

तिसरं, रद्द करणं लेखी. शाखेला पत्र किंवा ईमेल, आणि त्याची पोच. दिलेले कोरे चेक परत घ्या. हप्त्यासाठी खात्यावर दिलेली आपोआप वसुलीची परवानगी बंद करून घ्या. मूळ कागद दिले असतील तर यादीप्रमाणे परत मोजून घ्या. दोन महिन्यांनी सिबिल अहवाल काढून बघा की ते कर्ज चालू म्हणून दिसत नाही ना.

चौथं, व्याज कधीपासून लावलंय ते तपासा. काही ठिकाणी पैसे सुटायच्या आधीपासूनच, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावलं जात होतं. चेक बँकेच्याच कपाटात आणि व्याज तुमच्या खात्यात. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत हे दिसलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून तिने ही पद्धत अयोग्य ठरवली, जादा व्याज परत करायला सांगितलं. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर नम्रपणे पण ठामपणे मागा. शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार कक्षाकडे जा, तिथेही तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. लोकपालाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत.

पाचवं, विमा. कर्जासोबत विमा घ्यावा की नाही हा वेगळा विषय, माझ्या मते घरावर कर्ज असलेल्या माणसाने आयुर्विमा घ्यावाच. पण अमुक कंपनीचाच घेतला तर कर्ज, असं कुणी म्हणत असेल तर ते लेखी द्यायला सांगा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

दिवसांची साधी मोजपट्टी

मी लोकांना अशी पट्टी देतो. ही माझी स्वतःची आहे, नियमातली नाही. हातात साठ दिवसांच्या वर आहेत आणि फरक भरीतला आहे, तर बदला. तीस ते साठ दिवस आहेत, तर घराचे कागद स्वच्छ असतील, विक्रेत्यावर कर्ज नसेल आणि नव्या बँकेने तो प्रकल्प किंवा ती इमारत आधी तपासलेली असेल, तरच बदला. तीस दिवसांच्या आत असाल तर पहिल्या बँकेशी घासाघीस करा, मिळेल ते घ्या, घर नावावर करा. बाकीची लढाई किल्ली हातात घेऊन लढा.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आयुष्यात हे एकच घर असतं. वीस-पंचवीस वर्षं क्वार्टरमध्ये काढून, दर तीन वर्षांनी ट्रंका बांधून शेवटी मिळालेलं. कर्ज बदलता येतं, एकदा नाही, दोनदा बदलता येतं. हातातून गेलेलं ते घर मात्र त्या किमतीला पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून आधी तारीख बघा, मग भर बघा, आणि सगळ्यात शेवटी जाहिरातीतला दर बघा.

आपल्या शहरात गहाणाच्या नोंदणीची पद्धत वेगळी असेल, उपनिबंधक कार्यालयाचा काही अनुभव असेल, तर जरूर कळवा. दुसऱ्या राज्यातल्या आपल्याच माणसाला त्याचा उपयोग होईल. पुढच्या वेळी निवृत्तिवेतनावर कर्ज घेताना वयाची अट कशी मोजतात, ते बघू.